र्‍योगोकुतील पराभव

जपानमधील व्यावसायिक कुस्तीत लढत संपली की निवेदक केवळ विजेत्याचे नाव पुकारून थांबत नाही. लढत किती मिनिटे व किती सेकंद चालली आणि कोणत्या डावावर निकाली झाली, हे दोन्ही तो घंटेपाठोपाठ जाहीर करतो. दुसऱ्या दिवशी क्रीडावृत्तपत्रांत हाच तपशील छापून येतो, आणि या क्रीडेचे जे खरे शौकीन आहेत त्यांना तो वर्षानुवर्षे मुखोद्गत असतो. अशा हजारो नोंदींपैकी जी एक नोंद जपानी कुस्तीशौकिनांच्या मनातून आजतागायत पुसली गेलेली नाही, ती आहे २ मिनिटे ४९ सेकंदांची. १९८७ सालच्या डिसेंबरच्या २७ तारखेस टोकियोतील र्‍योगोकु कोकुगिकान या सभागृहात, ज्या पुरुषाच्या नावावर जपानची एक संपूर्ण कुस्तीसंस्था उभी होती त्या आंतोनिओ इनोकीला, जपानी प्रेक्षकांनी पूर्वी कधी न पाहिलेल्या एका मुखवटाधारी अमेरिकन मल्लाने एवढ्या अल्पावधीत चीत केले. आणि त्यानंतर सभागृहात जो क्षोभ उसळला त्याचे पर्यवसान असे झाले की, सभागृहाच्या चालकांनी त्या संस्थेला आपले दरवाजे वर्षाहून अधिक काळ बंद केले.

हा प्रकार समजून घ्यावयाचा तर या व्यवसायाचे स्वरूप आधी ध्यानी घेतले पाहिजे. व्यावसायिक कुस्तीचा निकाल बहुधा अगोदरच मुकर्रर झालेला असतो, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे, आणि आपल्याकडे तालमीत वाढलेला माणूस तिला नूरा कुस्ती म्हणून एका शब्दात निकालात काढील. परंतु नूरा कुस्तीचा दोष असा की ती खरी म्हणून विकली जाते आणि पाहणाऱ्याला त्यात फसवणुकीपलीकडे काही मिळत नाही. जपानी व्यावसायिक कुस्तीत मात्र मल्लाची पाठ खरोखरच फळ्यांवर आदळते, छातीवर उलट्या हाताचा तडाखा बसला की लाल वळ खरोखरच उमटतात, आणि निकाल ठरलेला असला तरी त्या निकालापर्यंत प्रेक्षकाला श्रद्धेने घेऊन जाण्याची जबाबदारी दोन्ही मल्लांवर व त्यांच्या संस्थेवर असते. म्हणूनच तेथे वेळेला एवढे महत्त्व. ज्याला तीस मिनिटे झुंजून हार पत्करावी लागते त्याची प्रतिष्ठा हारण्यानेही वाढू शकते. ज्याला तीन मिनिटांच्या आत खांदे टेकावे लागतात त्याची आयुष्यभराची पुण्याई त्या तीन मिनिटांत विजेत्याच्या खात्यावर जमा होते. अल्पकाळात लागलेला अनपेक्षित निकाल हे संस्थेच्या हातातील सर्वांत प्रभावी साधन होय, आणि ते फार जपून वापरावे लागते, कारण एकदा खर्ची पडलेली पुण्याई पुन्हा मिळवण्यास वर्षे लागतात.

या व्यवसायाच्या जन्मकाळीच तेथे करारभंगाचा एक मामला घडून गेलेला आहे. कोरियात जन्मलेला आणि सुमोमध्ये वरच्या श्रेणीपर्यंत पोहोचलेला रिकिदोझान हा जपानी व्यावसायिक कुस्तीचा जनक. १९५४ च्या फेब्रुवारीत त्याने अमेरिकेहून आलेल्या शार्प बंधूंशी लढती दिल्या, तेव्हा युद्धात हरलेल्या त्या देशातील माणसे रस्त्यांवर मांडलेल्या दूरचित्रवाणी संचांपुढे गर्दी करून उभी राहिली, आणि आपला माणूस धिप्पाड परदेशीयांना तळहाताच्या कडेने तडाखे देतो आहे हे पाहून त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढले. त्याच वर्षी २२ डिसेंबर रोजी कुरामाए येथील त्या वेळच्या कोकुगिकानमध्ये रिकिदोझान आणि मासाहिको किमुरा यांची गाठ पडली. किमुरा हा ज्युदोतील अद्वितीय पुरुष. १९५१ साली रिओ दि जानेरोत त्याने हेलिओ ग्रेसीला नमविले होते. रिकिदोझानबरोबरची ही लढत बरोबरीत सोडवावयाची असे ठरले होते, असे किमुराने पुढे सांगितले. प्रत्यक्षात रिकिदोझानने मध्येच खरेखुरे तडाखे द्यावयास आरंभ केला आणि किमुरा रक्तबंबाळ होऊन कोसळला. ठरलेले मोडण्याने एक मनुष्य राष्ट्रपुरुष झाला व दुसऱ्याच्या वाट्याला जन्मभराची खंत आली. आणि या व्यवसायात ठरलेले कधीही मोडू शकते ही शंका जपानी प्रेक्षकाच्या मनात तेव्हापासून जी शिरली ती पुढे कधी गेली नाही. माझ्या मते तेथील कुस्तीचे निम्मे चैतन्य या शंकेत आहे.

इनोकी हा त्या रिकिदोझानचाच शिष्य. त्याचे मूळ नाव कान्जी. जन्म १९४३ चा, योकोहामाचा. पोरवयात कुटुंबासह तो ब्राझीलला गेला, जहाजाच्या प्रवासातच आजोबा निवर्तले, आणि तेथे कॉफीच्या मळ्यांवर राबणाऱ्या या उंच मुलाला दौऱ्यावर आलेल्या रिकिदोझानने हेरून १९६० साली जपानला परत आणले. बारा वर्षांनी, १९७२ मध्ये, त्याने न्यू जपान प्रो-रेसलिंग ही स्वतःची संस्था काढली आणि आपली कुस्ती हीच सर्व द्वंद्वविद्यांत बलवत्तर आहे असा पुकारा केला. हा पुकारा सिद्ध करावयाचा म्हणून त्याने ज्युदोपटू अंगावर घेतले, कराटेपटू घेतले, आणि १९७६ च्या जून महिन्यात प्रत्यक्ष मुहम्मद अलीला बुदोकान सभागृहात उभे केले. त्या दिवशी पंधरा फेऱ्यांपैकी बहुतेक वेळ इनोकी पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारीत राहिला, लढत बरोबरीत सुटली, आणि जगभर तिची यथेच्छ निंदा झाली. त्याच वर्षी डिसेंबरात तो कराचीस गेला आणि तेथे अक्रम पहिलवानाचा हात त्याने निकामी केला. या अक्रमचे वडील इमामबक्ष, म्हणजे थोरल्या गामाचे धाकटे बंधू. कोल्हापुरास शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात सुरुवातीलाच ज्यांची कुस्ती झाली ते हेच. आपल्या मातीतल्या एका थोर घराण्याचा आणि टोकियोच्या त्या झगमगत्या रिंगणाचा संबंध असा एका दुखऱ्या हातापाशी येऊन मिळतो.

सांगावयाचे ते असे की, पंधरा वर्षे ज्याने स्वतःला अजिंक्य म्हणून उभे केले, ज्याची संस्था, ज्याचे कर्ज, ज्याचे दूरचित्रवाणीशी झालेले करारमदार हे सर्व त्या अजिंक्यतेच्या जामिनावर चालले होते, असा हा मनुष्य १९८७ मध्ये चव्वेचाळीस वर्षांचा झाला होता आणि त्याच्या संस्थेचे दिवस फिरले होते. शुक्रवारी रात्री आठची जी वेळ दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे या कुस्तीची म्हणून ओळखली जात होती ती आदल्या वर्षीच सुटली होती. नव्या वेळी कार्यक्रमात करमणुकीचे रंग भरण्याचा प्रयोग झाला, आणि तो जुन्या प्रेक्षकांना मुळीच रुचला नाही. मार्चमध्ये ओसाका येथे इनोकी आणि मासा साइतो यांच्या लढतीत चाच्याचा वेष केलेला एक मुखवटाधारी घुसला आणि लढत विसकटली, तेव्हा प्रेक्षकांनी दंगा केला. त्याआधी १९८४ च्या जूनमध्ये, कुरामाए येथे हल्क होगनविरुद्धच्या लढतीत रिकी चोशूने हस्तक्षेप केला, तेव्हाही असाच दंगा झाला होता. म्हणजे प्रेक्षकांची कैफियत जुनी होती, आणि तिची दखल कुणी घेतली नव्हती.

१९८७ च्या ऑक्टोबरात मात्र इनोकीने एक विलक्षण गोष्ट केली. सतराव्या शतकाच्या आरंभी मियामोतो मुसाशी आणि सासाकी कोजिरो या दोन खड्गधरांचे द्वंद्व ज्या गानर्‍यू बेटावर झाले, तेथे रिंग उभारून तो साइतोशी एकही प्रेक्षक नसताना लढला. उघड्या माळावर दुपार ढळली, अंधार पडला, शेकोट्या पेटवल्या गेल्या, आणि दोन तास पाच मिनिटांनी ती झुंज संपली. अवघ्या तीन महिन्यांच्या अंतराने एकाच मनुष्याने रिकाम्या बेटावर दोन तास झुंज दिली आणि सुमारे अकरा हजारांच्या सभागृहात तीन मिनिटेही दिली नाहीत, हा विरोध मला फार बोलका वाटतो. प्रेक्षकाची जागा नेमकी कोठे आहे, हे ठरविण्यात त्या काळी इनोकीची बुद्धी चकली होती खास.

आता त्या रात्रीचा वृत्तान्त. वर्षअखेरचा मोठा कार्यक्रम. मुख्य लढत इनोकी विरुद्ध रिकी चोशू. चोशू १९८४ मध्ये संस्था सोडून गेला होता आणि १९८७ मध्येच परतला होता. नोव्हेंबरात एका सांघिक लढतीत आकिरा माएदाने मागून मारलेल्या लाथेने त्याच्या डोळ्याखालचे हाड मोडले होते. जुन्या धन्याशी त्याची ती समोरासमोरची गाठ पाहावी म्हणून लोकांनी तिकिटे काढली होती. मधल्या काळात संस्थेने एक नवी युक्ती योजली होती. बीट ताकेशी हा त्या काळचा जपानमधील अत्यंत लोकप्रिय विनोदवीर. आपल्याकडे घराघरात पाहिल्या गेलेल्या 'ताकेशीज कॅसल'चा तो ताकेशी, आणि पुढे ताकेशी कितानो या नावाने जगन्मान्य झालेला चित्रपट-दिग्दर्शकही तोच. त्याच्या नावाने एक कुस्तीपथक काढावयाचे, साइतोला त्याचा सूत्रधार करावयाचे आणि या पथकाने इनोकीचा काळ म्हणून एक परदेशी मल्ल पाठवावयाचा, अशी ती योजना होती. हा मल्ल म्हणजे लिऑन व्हाइट. कोलोरॅडो विद्यापीठातून अमेरिकन फुटबॉल खेळलेला, दीडशे किलोंहून अधिक वजनाचा आणि तरीही चपळ असा हा मनुष्य ऑस्ट्रियात व अमेरिकेत कुस्त्या खेळत होता. जपानात त्याला बिग व्हॅन व्हेडर हे नाव देण्यात आले.

छापील कार्यक्रमाप्रमाणे व्हेडर त्या रात्री साइतोच्या जोडीने तात्सुमी फुजिनामी आणि केन्गो किमुरा यांच्याशी लढावयाचा होता. परंतु ताकेशी आपल्या शिष्यांसह रिंगमध्ये चढला, ध्वनिक्षेपकावरून आव्हान देण्यात आले, आणि इनोकीने तेथल्या तेथे व्हेडरशी लढण्याचे कबूल केले. याचा अर्थ असा की, ज्या लढतीसाठी लोक आले होते ती तहकूब झाली आणि चोशूची रवानगी सांघिक लढतीत झाली. सभागृहात ओरडा सुरू झाला. सांघिक लढत चालू असताना प्रेक्षक "थांबवा, थांबवा" असा घोष एकसुरात करीत राहिले आणि रिंगमध्ये वस्तू येऊन पडू लागल्या. अखेर लोकांना शांत करण्यासाठी इनोकी आधी चोशूशी लढला; पण ती लढत जेमतेम सहा मिनिटे चालते न चालते तोच हिरोशी हासे हा मल्ल मध्ये पडला आणि चोशू बाद ठरविला गेला. भुकेल्या माणसासमोर ताट आणून ते पहिल्या घासालाच उचलावे, तसा तो प्रकार झाला. आणि यानंतर व्हेडर आला.

लढत म्हणावी असे त्यात फारसे काही घडले नाही. थकलेला इनोकी समोर, आणि ताजातवाना व्हेडर आपल्या अगडबंब देहाचा प्रत्येक किलो कामी आणणारा. त्याने इनोकीला दोरांवर रेटले, ठोसे लगावले, उचलून आपटले आणि छातीवर पडून दाबून धरले. पंचाचा हात तीनदा जमिनीवर आपटला. पूर्वी इनोकी हरला नव्हता असे नाही. १९८३ च्या जूनमध्ये होगनने त्याला बेशुद्ध पाडले होते आणि तेव्हा त्याच्या प्रकृतीच्या चिंतेने लोक व्याकुळ झाले होते. या खेपेस कुणाला चिंता वाटली नाही. या सभागृहात सुमोच्या दिवशी अग्रगण्य मल्ल दुय्यमाकडून हरला की प्रेक्षक बैठकीच्या चौकोनी उशा आनंदाने हवेत भिरकावतात, ती तेथील रीतच आहे. त्या रात्री जे भिरकावले गेले त्यात आनंदाचा लवलेश नव्हता. हाती लागेल ते रिंगकडे फेकले गेले, बैठकींची मोडतोड झाली, आणि कार्यक्रम संपला तरी माणसे हलेनात. सुमोचे माहेरघर असलेल्या आणि १९८५ मध्येच उघडलेल्या त्या नव्या वास्तूची अशी दुर्दशा झालेली पाहून चालकांनी मनाईचा हुकूम काढला, यात नवल नाही.

लोक कशाने भडकले याचा विचार करताना इनोकीच्या हरण्याकडे बोट दाखविले जाते, परंतु ते निदान मला पटत नाही. व्हेडरसारखा प्रचंड मनुष्य इनोकीला तीन मिनिटांत लोळवितो, ही कल्पना स्वतः वाईट नव्हती. उलट, एरवी ती अत्यंत धाडसी आणि उदार म्हणावी लागेल, कारण आपली संचित प्रतिष्ठा अशी एका रात्रीत परक्याच्या झोळीत टाकणे किती अग्रगण्य मल्लांना साधले आहे? खटकले ते हे की, पराभवाला पराभव म्हणून पाहण्याची मनःस्थितीच प्रेक्षकांची उरली नव्हती. जाहीर केलेली लढत ऐन वेळी बदलली, बदललेली पुन्हा फिरविली, फिरविलेली अर्ध्यावर मोडली, आणि या सर्व घालमेलीत ज्याने पैसे मोजले होते त्या मनुष्याला कुणी विचारले नाही. निकाल ठरलेला असतो हे मनोमन जाणणारा प्रेक्षकही एका गोष्टीची हमी मागत असतो: जे दाखवू म्हणून जाहीर केले ते दाखवावे, आणि जिवाच्या आकांताने दाखवावे. तो तक्रार करतो ती या हमीच्या भंगाबद्दल. ज्यांना चीड आली ती माणसे या कुस्तीवर मनापासून प्रेम करणारी होती. ज्याला ती थट्टेची वाटत असे तो मनुष्य ताकेशीच्या आगमनाने हसला असता आणि घरी गेला असता. विनोदवीराला रिंगमध्ये आणणाऱ्यांनी हा भेद ओळखला नाही. ताकेशीचा यात दोष मानणे अन्यायाचे होईल, कारण त्याला पाचारण करण्यात आले होते.

संस्थेला याचे मोल तातडीने चुकवावे लागले. पथकाची ती योजना गुंडाळली गेली, आणि १९८८ च्या वसंतात दूरचित्रवाणीवरील संध्याकाळची मोक्याची वेळही गेली. तरीही त्याच वर्षी तिने आपली चूक ज्या रीतीने सुधारली ती पाहण्यासारखी आहे. जुलैत साप्पोरो येथे चोशूने इनोकीला सरळ मार्गाने चीत केले. कुणी मध्ये पडले नाही. ८ ऑगस्टला योकोहामाच्या बुंका व्यायामशाळेत इनोकी आपलाच शिष्य फुजिनामी याच्याशी अजिंक्यपदासाठी लढला, आणि ती लढत पूर्ण साठ मिनिटे चालून बरोबरीत सुटली. पंचेचाळिशीतील गुरू तासभर थकत थकत शिष्याच्या बरोबरीला उभा राहतो आणि अखेरीस पट्टा शिष्याकडेच राहतो, हे पाहून त्या सभागृहातील माणसे रडली. सत्तेचे हस्तांतर कसे करावे याचे इतके शालीन उदाहरण या व्यवसायात दुसरे माझ्या तरी स्मरणात नाही. पुढच्या वर्षी इनोकी जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून गेला आणि संस्थेचा कारभार सेइजी साकागुचीकडे आला.

आणि व्हेडर? ज्याला त्या रात्री कुणीही पाहू इच्छीत नव्हते तो जपानचा लाडका झाला. खांद्यांवर चिलखत, डोक्यावर धुराचे लोट सोडणारे प्रचंड शिरस्त्राण, आणि ते उतरले की खाली तो मुखवटा. अशा थाटात तो येई, आणि थाट उतरवून झाला की मग खरोखरच भीती वाटावी असे काम करी. २४ एप्रिल १९८९ रोजी टोकियो डोम या नव्या भव्य वास्तूत झालेल्या पहिल्या कुस्तीच्या कार्यक्रमात त्याने एकाच रात्री तीन लढती जिंकून, शेवटी शिन्या हाशिमोतोला हरवून, रिक्त झालेले अजिंक्यपद मिळविले. ते मिळविणारा तो पहिला परदेशी मल्ल. दहा महिन्यांनी त्याच वास्तूत स्टॅन हॅन्सनशी लढताना त्याचा डोळा खोबणीतून बाहेर आला, तेव्हा मुखवटा काढून त्याने तो हाताने परत आत दाबला, पापणी बंद केली आणि लढत पुढे चालू ठेवली. अशा माणसाला पाहण्यासाठी लोक पैसे खर्च करतात यात संशय कसला?

इनोकी आणि व्हेडर यांची गाठ नंतरही पडली, परंतु सर्वांत संस्मरणीय ठरली ती १९९६ सालच्या ४ जानेवारीची, टोकियो डोममधली. इनोकीचे वय त्रेपन्नाच्या घरात गेले होते. व्हेडरने त्याला मागून कमरेला विळखा घालून असे काही उलटे आपटले की इनोकी मानेवर पडला आणि काही क्षण त्याची हालचालच थांबली. त्या वयाच्या माणसाने असा मार पत्करावा हे पाहताना आजही अंगावर काटा येतो. या खेपेस लढत चौदा मिनिटांहून थोडी अधिक चालली. लढतीच्या शेवटी, अंगावर चालून आलेल्या त्या पर्वतप्राय देहाचा हात इनोकीने दोन्ही पायांत पकडून ताणला, आणि व्हेडरने हार कबूल केली.